पिवळ्या गव्हाचे गूढ

गोंदिया शहर संपते कुठे आणि फुलचूर सुरू होते कुठे, हे नवख्या माणसाला सांगता यायचे नाही, इतकी घरे घरांना भिडली आहेत. पण वस्ती ओलांडून थोडे पुढे गेले, की धानाच्या बांध्या लागतात आणि आपण झाडीपट्टीत आहोत याची खूण पटते. डिसेंबरअखेर इकडे आले, तर धान कापून झालेला असतो. कुठे पुंजणी रचलेली, कुठे चुरणे आटोपून तणसाचे ढीग लागलेले. ओल धरून राहिलेल्या बांध्यांत, उभ्या धानात फेकलेली लाखोळी हिरवीगार झालेली. आणि ज्याच्याकडे विहीर किंवा बोअर आहे, त्याने एखाद्या तुकड्यात गहू पेरलेला. हा मुलूख भाताचा. गहू इथे पाहुणाच, घरच्या पोळीपुरता.

अशाच एका गव्हाच्या तुकड्यापाशी गेल्या हिवाळ्यात चौघांची चर्चा ऐकण्याचा योग आला. तुकडा जेमतेम दीड एकराचा. वरच्या अंगाचा गहू छान पोपटी, वाऱ्यावर डुलणारा. खालच्या कोपऱ्यात मात्र चटई अंथरावी एवढा, नंतर पाहिले तर दोन चटयांएवढा पट्टा पिवळा पडलेला, उंचीने खुजा. धुऱ्यावर चार माणसे जमली होती, त्यामुळे मतेही चार होती. एक म्हणाला, युरिया कमी पडला. दुसऱ्याने जस्ताची कमतरता सांगितली. तिसऱ्याला कृषी केंद्रातल्या दुकानदाराने एक बाटली सुचवली होती, ती फवारून टाकावी असे त्याचे म्हणणे. चौथे गृहस्थ म्हणजे शेतमालकाचे वडील. वय ऐंशीच्या घरात. ते धुऱ्यावर उकिडवे बसून सगळे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "या कोनट्याले दरसालच असं होते. तुमचा युरिया त्याले का करन?"

म्हाताऱ्याच्या बोलण्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पण मला ते वाक्य चिकटून बसले. कारण 'दरसाल' आणि 'याच कोपऱ्यात' या दोन शब्दांपाशी जगातल्या काही हुशार माणसांनी आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत. रोग पिकाला होतो, असे आपण म्हणतो. पण पीक दरवर्षी नवे, बी नवे, कधीकधी वाणही नवा. मग रोग तोच आणि जागाही तीच कशी? तसे असेल, तर रोग पिकात नसून जमिनीतच मुक्कामाला असला पाहिजे. आणि तो रोग विषाणूचा निघाला तर?

विषाणू म्हणजे काय, हे करोनाच्या साथीनंतर घरातल्या शाळकरी पोरांनाही सांगावे लागत नाही. मात्र विषाणूंचा शोध माणसाच्या आजारातून लागला नाही, तो लागला तंबाखूच्या पानावरून, ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणूही अडतील अशा बारीक गाळणीतून गाळला, तरी तो रोग पसरवतो, हे रशियाच्या इव्हानोव्हस्की यांनी १८९२ मध्ये दाखवले. हॉलंडच्या बायरिंक यांनी १८९८ मध्ये त्या न दिसणाऱ्या गोष्टीला निराळे अस्तित्व दिले. पुढे बटाटा, पपई, भेंडी असे एकेक पीक त्या यादीत येत गेले. आपल्याकडे भेंडीची पाने पिवळी पडतात, त्याला शेतकरी 'केवडा' म्हणतात, तोही विषाणूच. तो पसरवते पांढरी माशी. धानाचा टुंग्रो हिरव्या तुडतुड्यांमार्फत येतो. पपईला मावा घातक. म्हणजे साधारण रीत अशी, की विषाणू पानात आणि त्याला इकडून तिकडे नेणारा किडा पानावर. किडा दिसतो, त्यामुळे निदान त्याच्यावर राग तरी काढता येतो. फवारणी करता येते.

गव्हाने या समजाला पहिला धक्का दिला, तो अमेरिकेत. वर्ष १९१९. इलिनॉय राज्यातल्या मॅडिसन परगण्यात, ग्रॅनाइट सिटी नावाच्या गावाजवळ, थंडी सरून वसंत सुरू होताना गव्हाच्या शेतात खुजे, पिवळट पट्टे दिसू लागले. रोपे वाढण्याऐवजी बसकी होऊन गुलाबाच्या फुलासारखी पसरत. आरंभी लोकांना वाटले, हा ऑस्ट्रेलियात कुप्रसिद्ध असलेला 'टेक-ऑल' रोग असावा. टेक-ऑल म्हणजे सगळेच घेऊन जाणारा. नावच असे, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा यावा. पण तो बुरशीचा रोग, आणि इथे तशी बुरशी सापडेना.

या कोड्याचा पाठपुरावा ज्यांनी केला, ते हॅरॉल्ड मॅकिनी हे अमेरिकी कृषी खात्यातले शास्त्रज्ञ. त्यांची पद्धत आपल्या कोणाही गृहिणीला पटावी अशी होती. दूध नासले, तर आधी भांडे तपासायचे. त्यांनी रोगट शेतातली माती आणून तीत निरोगी बी पेरले, तर रोप रोगट झाले. तीच माती फॉर्मॅलिनने निर्जंतुक करून पेरले, तर रोप ठणठणीत. म्हणजे दोष बियाण्याचा नाही, हवेचा नाही, भांड्याचा, म्हणजे मातीचा आहे. १९२३ आणि १९२५ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. पानांवर हिरव्या-पिवळ्या रेघांची नक्षी उमटवणारा हा रोग विषाणूचा आहे आणि तो मातीतून येतो, असे त्यांनी मांडले. मातीतून येणारा विषाणू ही गोष्टच त्या वेळी नवी होती.

पण यातून उत्तरापेक्षा मोठा प्रश्न उभा राहिला. विषाणू जिवंत पेशीच्या बाहेर काही करू शकत नाही. त्याला ना हात, ना पाय, ना तोंड. मग गहू कापून नेल्यावर, शेत उन्हाळाभर उघडे पडल्यावर, तो मातीत राहतो कुठे? आणि पुढच्या पेऱ्याच्या मुळापर्यंत पोहोचतो कसा?

याचे उत्तर कॅनडात आधीच टेबलावर येऊन पडले होते, पण ते उत्तर आहे हे कोणाला कळले नव्हते. १९३९ मध्ये लेडिंगहॅम नावाच्या शास्त्रज्ञांनी गव्हाच्या मुळांत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव पॉलिमिक्सा ग्रॅमिनिस. तो मुळात राहतो, मुळाचे फारसे काही बिघडवत नाही, असे दिसले. उपद्रव नाही म्हटल्यावर त्याच्याकडे पाहणार कोण? खेड्यात एखादा माणूस कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते, तसेच झाले. पुढे १९६० च्या दशकात संशय त्याच्यावर येऊ लागला, आणि १९६९ मध्ये राव आणि ब्राके या जोडीने अमेरिकेतून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ते नाते नीट उलगडले. गव्हाचा विषाणू या निरुपद्रवी दिसणाऱ्या भाडेकरूच्या पोटातून प्रवास करत होता. १९१९ ते १९६९. एका पिवळ्या पट्ट्याचा माग काढायला पन्नास वर्षे लागली.

हा पॉलिमिक्सा काय प्रकार आहे? पूर्वी त्याला बुरशी म्हणत. आता तो बुरशी नाही, एका निराळ्याच आदिजीवांच्या घराण्यातला आहे, असे मानतात. कोबीच्या मुळांवर गाठी आणणारा रोगकारक त्याचा चुलतभाऊ. मातीत तो जाड कवचाच्या बीजाणूंच्या गुच्छांत झोपून राहतो. ही त्याची कणगी समजा. जमीन वाळो, तापो, गोठो, कणगी शाबूत. शेतात पाणी झाले आणि जवळपास गव्हाचे कोवळे मूळ फुटले, की कणगीतून पोहणारे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात. त्यांना दोन शेपट्या असतात, एक आखूड, एक लांब. मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यातून ते पोहत मुळापर्यंत जातात, मुळाच्या केसाला चिकटतात आणि त्याच्या भिंतीला छिद्र पाडून आपले सारे अंतरंग आत ओततात. त्याच्याबरोबर विषाणूही आत जातो. मग मुळातच नवे बीजाणू तयार होतात, नव्या कणग्या भरतात, आणि त्या कणग्यांत पुन्हा विषाणू. पीक कापून नेले, तरी मुळे तिथेच राहून कुजतात आणि कणग्या मातीत मोकळ्या होतात.

अशा कणग्या दशकानुदशके टिकतात. इथे या रोगाचे खरे गांभीर्य आहे. तांबेरा गव्हावर आला, तर एका हंगामाची वाट लागते. पण तांबेरा वाऱ्यावर येतो आणि पीक गेले की जातो. निफाडच्या नाहीतर महाबळेश्वरच्या संशोधकांनी त्याच्याशी झुंज घेतली आणि नवे वाण आले, की शेतकरी पुन्हा उभा राहतो. मातीतला विषाणू एकदा आला, की तो सातबाऱ्यावर चढल्यासारखाच. बापाच्या शेतात शिरलेला रोग लेकाच्या हिश्शाला येतो.

हे सगळे थंड मुलुखातले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. खुद्द तज्ज्ञांचीही काही काळ अशीच समजूत होती. अमेरिकेतला गव्हाचा रोग थंड, ओल्या मातीत फोफावतो. ऊन तापले, की पानांवरची नक्षी पुसट होत जाते. जपान आणि चीनमध्ये त्याचीच भावंडे आढळली, युरोपात सातूवर तसाच रोग आला. इंग्लंडमध्ये तर १९९९ मध्ये, विल्टशायर भागात, हा गव्हाचा मातीजन्य रोग पहिल्यांदा सापडला. ज्या देशाने एवढी कृषिसंशोधन केंद्रे उभारली, त्यांच्या घरातही तो चोरपावलांनी आलाच.

भारतातली गोष्ट मात्र गव्हापासून सुरू होत नाही, ती भुईमुगापासून सुरू होते. पंजाब, राजस्थान, गुजरात आणि खाली आंध्र, तमिळनाडू इथल्या रेताड जमिनींत भुईमुगाची झाडे जागोजागी खुजी राहत. पाने गर्द हिरवी, झाड झुबक्यासारखे, शेंगा नावाला. इंग्रजीत याला 'क्लम्प' असे नाव पडले. क्लम्प म्हणजे झुबकाच. शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे आपल्या फुलचूरच्या म्हाताऱ्यासारखेच होते. दरवर्षी तीच जागा. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथले विषाणुतज्ज्ञ डी. व्ही. आर. रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये हा भारतातला मातीजन्य विषाणू असल्याचे प्रसिद्ध केले. आणि त्याला मुळापर्यंत पोहोचवणारा कोण निघाला? तोच पॉलिमिक्सा. फक्त त्याची उष्ण मुलुखातली शाखा. याला थंडी नको, ऊब हवी. आपला पावसाळा म्हणजे त्याची यात्राच.

यातली खरी गंमत, तिला गंमत म्हणवत नाही खरे तर, पुढेच आहे. भुईमुगाच्या मुळात हा पॉलिमिक्सा धड नांदत नाही. त्याची खरी आवड तृणधान्यांची: ज्वारी, बाजरी, मका, गहू, सातू. मग भुईमुगाला दरवर्षी रोग येतो, तर त्या रोगाला मधल्या काळात पोसतो कोण? राजस्थानात भुईमुगानंतर गहू किंवा सातू घेण्याची पद्धत आहे. पाटनचेरूचे संशोधक बेल्जियमच्या विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर तिथल्या शेतकऱ्यांच्या गव्हात शिरले. गहू पाहायला छान. रोगाचे ठसठशीत लक्षण म्हणून नाही. पण रोपे तपासली, तर त्यांत झुबक्याचा विषाणू! पीक दिसायला निरोगी, आतून मात्र वाहक. शेतकरी समाधानाने गहू कापत होता आणि त्याच गव्हाची मुळे पुढच्या भुईमुगासाठी जमिनीत रोगाच्या कणग्या भरत होती.

गहू तरी यातून सुटतो का? तेही नाही. विषाणू रोपात लवकर शिरला, तर गव्हाचेही भागत नाही. पाटनचेरूच्या प्रयोगांत अशी रोपे गर्द हिरवी, खुजी राहिली, काही मेली. 'आर. आर.-२१' या वाणाचे उत्पन्न सरासरी ५८ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नोंदवले आहे. दहा पोत्यांच्या ठिकाणी चार. शिवाय हा विषाणू गव्हाच्या बियाण्यातूनही पुढे जातो. प्रमाण किरकोळ, अर्धा ते सव्वा टक्का. पण हा किरकोळपणा कागदावरचा आहे. एकराला चाळीस किलो बी धरा. किलोत साधारण पंचवीस हजार दाणे. म्हणजे दहा लाख दाणे झाले. रोगट शेतातले बी आणले असेल, तर त्यातला शंभरावा हिस्सा म्हणजे दहा हजार रोपे विषाणू घेऊनच उगवणार, आणि तीही एकरभर विखरून. जमिनीत पॉलिमिक्सा आधीच असेल, तर त्याला विषाणू घरपोच मिळाला. भुईमुगाच्या बियाण्यात तर हे प्रमाण याहून पुष्कळ जास्त असते.

बरे, हा विषाणू लहान तरी किती? काठीसारखा लांबट. त्याचे लांबातले लांब कण टोकाला टोक लावून ठेवले, तरी एका मिलिमीटरमध्ये चार हजार मावतील. आपल्या घरातल्या चाळणीला, सुपाला, पाखडण्याला तो दाद देणार नाही.

या ठिकाणी पोळ्या लाटणाऱ्यांच्या मनात एक शंका आली असेल, ती आधीच दूर करतो. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला होत नाहीत. रोगट शेतातल्या गव्हाची पोळी खाल्ली, शेंगा खाल्ल्या, तरी काही बिघडत नाही. बिघडते ते शेतकऱ्याच्या घरचे. दाणा बारीक, पोती कमी.

यावर उपाय काय, हा पुढचा प्रश्न. मुळात शिरलेल्या विषाणूला मारणारे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही. मिळते असे सांगणारा दुकानदार भेटला, तर त्याला नमस्कार करून निघावे. मातीच धुरी देऊन निर्जंतुक करता येते. मिथिल ब्रोमाइड नावाचा विषारी वायू त्यासाठी वापरत. पण तो ओझोनचे कवच पातळ करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली शेतजमिनीतला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. शिवाय दीड एकराच्या धन्याला तो परवडलाही नसता. अमेरिकेने रोगाला दाद न देणारे गव्हाचे वाण काढले आणि मुख्यतः त्यांच्याच जोरावर तिथला शेतकरी तरला. पाटनचेरूला भुईमुगाचे हजारो नमुने तपासले. लागवडीच्या भुईमुगात तसा वाण काही हाती लागला नाही.

मग त्यांनी एक युक्ती काढली. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडलेली गोष्ट ही आहे. पहिला पाऊस पडताच रोगट जमिनीत बाजरी पेरायची, आणि ती दाटीवाटीने. बाजरी उगवली, की मातीतल्या कणग्या जाग्या होतात, शेपटीवाले बीजाणू पोहत निघतात आणि बाजरीच्या मुळांत घुसतात. त्यांना वाटते, जेवण वाढले. पंधरा दिवसांत, त्यांना आत नव्या कणग्या भरायला अवधी मिळण्याआधीच, सगळी बाजरी मुळासकट उपटून टाकायची. मग भुईमूग पेरायचा. उंदरासाठी भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवतात, तसा हा सापळा. रोग समूळ जात नाही, पण कमी होतो. खर्च म्हणाल तर चार पायली बाजरी आणि उपटणीची मजुरी. महागड्या प्रयोगशाळेतून निघालेला इतका घरगुती उपाय विरळाच. दुसरा उपाय उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये जमीन ओलवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचे आणि माती तापू द्यायची. गोंदियाच्या मे महिन्यात ऊन विकत आणावे लागत नाही, प्लॅस्टिक मात्र आणावे लागते, आणि तिथेच हिशेब अडतो. लहान वाफ्याला, रोपवाटिकेला ते जमते.

आता पुन्हा फुलचूरच्या त्या धुऱ्यावर येऊ. मी शेतमालकाला म्हटले, चार रोपे मुळासकट काढून पाहू या का? त्याने कुदळीने ढेकळासकट काढली. वरच्या अंगाच्या निरोगी रोपांची मुळे पांढरी, लांब, दाट. पिवळ्या पट्ट्यातली आखूड, तपकिरी. खालची माती करड्या रंगाची, हाताला चिकट, आणि वितीच्या आत कुदळ थांबावी असा कठीण थर. पिवळेपणा होता तो खालच्या, जुन्या पानांवर. कोवळी पाने हिरवी होती, त्यांच्यावर रेघांची नक्षी नव्हती.

धानाच्या शेतात हे व्हायचेच. रोवणीसाठी वर्षानुवर्षे चिखल करून करून खाली एक थर बसतो. धानाला तो हवाच असतो, कारण पाणी साचून राहते. गव्हाला तोच मारतो. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात, तेव्हा पहिले पाणी देतात. खालच्या कोपऱ्यात ते पाणी उतरायला जागा नाही. मुळांचा श्वास कोंडतो, नत्र असून घेता येत नाही, पान पिवळे पडते. गोंदिया-भंडाऱ्याच्या जुन्या शेतकऱ्यांना जमिनीचे हे स्वभाव तोंडपाठ असत. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी ही नावे त्यांनी उगाच ठेवली नव्हती. कोणत्या मातीत पाणी किती थांबते, याचाच तो हिशेब होता. तेव्हा त्या म्हाताऱ्याचे अर्धे म्हणणे खरे होते. कोपऱ्याचाच दोष होता. मात्र तो मातीतल्या पाण्याचा होता, विषाणूचा नव्हे, असे रोपांकडे पाहून तरी दिसले. युरियाच्या आणखी एका पोत्याने किंवा त्या बाटलीने काही साधले नसते. एक उतरता चर काढून पाणी बाहेर काढले, तर पुढच्या साली फरक दिसेल, एवढे आम्ही ठरवले. म्हातारेबुवा म्हणाले, "नाली तर होती तिथं. तूच बुजवलीस." मुलगा गप्प बसला.

मग या विषाणूची एवढी चौकशी कशासाठी? कारण हा पट्टा आणि तो पट्टा लांबून एकसारखेच दिसतात. शेतकऱ्याने त्यातला भेद ओळखायला शिकले पाहिजे. नत्राची कमतरता असेल, तर जुनी पाने आधी पिवळी पडतात, आणि खत दिल्यावर आठ-दहा दिवसांत रंग पालटतो. विषाणू असेल, तर नव्या पानांवर ठिपके किंवा रेघा दिसतात, झाड खुजे राहते, खताने ते उठत नाही, आणि पट्टा नांगरटीच्या दिशेने दरवर्षी थोडा थोडा लांबत जातो. कारण नांगराचा फाळच ती माती पुढे ओढून नेत असतो. नुसत्या डोळ्यांनी शेवटचा निकाल देता येत नाही. राजस्थानातला गहू तर डोळ्यांना चक्क फसवत होता. रोपाच्या रसाची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. त्यासाठी नमुना मुळासकट आणि मातीसकट हवा. फक्त पिवळे पान खिशात घालून नेले, तर तपासणारा काय सांगणार?

आणखी एक कारण आहे. हा रोग स्वतःच्या पायांनी दूर जात नाही. पोहणारा तो बीजाणू मातीत फार तर थोडेसे अंतर काटतो. त्याला लांबवर नेतो तो माणूस. बियाण्याच्या पोत्यातून, आणि त्याहून सहज म्हणजे चिखलातून. पूर्वी फुलचूरच्या बांधीतली माती फुलचूरच्याच बांधीत राहायची. बैल गावचे, नांगर गावचा. आता धान कापायला पंजाब-हरियाणाकडची हार्वेस्टर यंत्रे विदर्भात येतात. दिवस-रात्र चालतात, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातात. मजूर मिळत नाहीत, त्यामुळे ती नकोत असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्यांच्या चाकांना, पट्ट्यांना कुठकुठली माती लागलेली असते, हे कोणी पाहिले आहे? विल्टशायरमधल्या शेतकऱ्यांना रोग सापडल्यावर पहिली ताकीद हीच मिळाली: शेतातली माती यंत्राबरोबर बाहेर नेऊ नका. रोग आल्यावर यंत्र धुण्यापेक्षा, येण्याआधी धुतलेले स्वस्त. बोअरच्या पाण्याची नळी लावून धुऱ्याबाहेर दहा मिनिटे चाके धुऊन घ्यायची, एवढेच काम आहे. मालक ओशाळतो, चालक कुरकुरतो, हे खरे.

बियाण्याचेही तेच. गहू पेरायला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चांगला, असे कृषी विद्यापीठ सांगते. त्या वेळी बी कमी पडले, की नातेवाइकाकडून, बाजारातून, ट्रकवाल्याकडून, मिळेल तिथून आणले जाते. कोणत्या शेतातले, हे विचारायचे राहून जाते. लग्नात मुलीचे घराणे विचारणारी माणसे बियाण्याचे घराणे विचारीत नाहीत, हे मला नेहमीच नवल वाटते. आणि गव्हाची घाई असली, तरी जमीन अजून उबदार, ओलसर असताना फार लवकर पेरण्यात लाभ नाही. उष्ण मुलुखातल्या पॉलिमिक्साला नेमकी तीच हवा मानवते.

निघताना शेतमालकाने एक रोप, त्याच्या मुळाभोवतीच्या ढेकळासह, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले. हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून येतो म्हणाला. पाण्याचाच दोष असेल, पण एकदा विचारलेले बरे. वडिलांनी पिशवीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "एकच काहाले नेतोस? चांगल्या जागचंबी एक ने. त्यायले दोन्ही दिसू दे." ते खरेच होते. मुलगा परत वरच्या अंगाला गेला आणि हिरव्या गव्हातले एक रोप कुदळीने उचलू लागला.